सिरॅमिक इलेक्ट्रोलाइट पेटत नाही, मग त्याची बॅटरी अजून स्कूटरमध्ये का नाही?

गेली चार वर्षं मी याच सिरॅमिकच्या पेलेट (पावडर दाबून केलेल्या छोट्या चकत्या) भाजतोय, म्हणून लिहितो.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. आजच्या बॅटरीतला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे दोन टोकांच्या इलेक्ट्रोडमध्ये आयन (विद्युतभारित अणू) वाहून नेणारा पदार्थ, हा सेंद्रिय द्रव असतो; तो पेट घेतो, सिरॅमिक घेत नाही. आयन घन पदार्थातून धावतील का, हा प्रश्नही बराच सुटलाय. २००७ मध्ये मुरुगन, थंगादुराई आणि वेप्नर यांनी लिथियम, लँथनम, झिर्कोनियम आणि ऑक्सिजनचं गार्नेट (गार्नेट खनिजासारख्या रचनेचं सिरॅमिक) मांडलं. आम्ही त्याला एलएलझेडओ म्हणतो. त्याची वाहकता द्रवापेक्षा कमी आहे, पण थर पातळ असेल तर भागतं.

घोडं अडतं ते इलेक्ट्रोड आणि सिरॅमिक यांच्या सांध्यापाशी. द्रव इलेक्ट्रोडच्या फटीफटीत शिरतो. दोन घन पदार्थ मात्र सिमेंटशिवाय रचलेल्या विटांसारखे मोजक्या ठिकाणीच टेकतात. एका पावसाळ्यात माझ्या पेलेट दोन दिवस ग्लोव्हबॉक्सबाहेर (कोरड्या, निष्क्रिय वायूच्या बंद पेटीबाहेर) राहिल्या. नंतर त्यांवर इलेक्ट्रोड म्हणून वितळलेलं लिथियम सोडलं, तर ते अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसलं, पसरेचना. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेटचा थर धरला होता. पॉलिश करून आर्गॉनमध्ये तापवल्यावर तेच लिथियम चिकटलं. मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये गार्नेटवर ॲल्युमिनाचा अतिपातळ थर देऊन सांध्याचा रोध १७१० वरून १ ओहम-चौरस सेंटिमीटरवर आणला. तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

दुसरी अडचण मला जास्त सलते. एवढं कडक सिरॅमिक मऊ लिथियमला अडवेलच, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण चार्जिंगचा प्रवाह वाढवला की लिथियमचे तंतू बारीक तडे आणि कणांमधल्या सीमा धरून आरपार जातात आणि सेल शॉर्ट होतो. इलेक्ट्रोलाइट पेटला नाही, तरी आतलं लिथियम १८० अंशांच्या आसपास वितळतं आणि ते स्वतः ज्वलनशील आहे. म्हणून ‘सिरॅमिक म्हणजे सुरक्षित’ असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय हे भाजायला ११०० अंशांच्या वर जावं लागतं. तिथे लिथियम उडून जातं, म्हणून पेलेट त्याच पावडरीत पुरून ठेवतो. स्कूटरसाठी काही दशक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, मोठा आणि न तडकणारा पत्रा हवा. बशी एवढी पातळ करून बघा, म्हणजे कल्पना येईल.

कुणी ‘सॉलिड-स्टेट’ म्हणून बॅटरी विकत असेल तर आत द्रव किती आहे ते जरूर विचारा. ‘सेमी-सॉलिड’मध्ये तो थोडाफार असतोच.