रात्री कितीही वाजोत, घरी यायचं

"मॅडम, शनिवार आला की पोरगं गाडी काढतं. कधी मनुदेवी, कधी पाल, मध्ये तर थेट तोरणमाळ. नाहीतर मित्राच्या शेतात रात्रभर गाणं-बजावणं. दोन-तीन वाजता घरी येतं. हातातून चाललं का हो?"

मी समुपदेशक आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच आईवडील येतात. आणि उठता उठता दारात थांबून आणखी एक विचारतात, "लग्न लावून दिलं की ताळ्यावर येईल ना?" या दोन्ही प्रश्नांवर मला काय वाटतं ते भुसावळच्या एका घरामुळे मला नीट कळलं. त्या घराची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नाना रेल्वेतून निवृत्त झालेले लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर. मुलगा २७ वर्षांचा, घरात सगळे त्याला बापू म्हणतात. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर. पहिल्या दिवशी तो आला नव्हता, नाना आणि काकू दोघंच आले होते. नानांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी डायरी काढून माझ्यासमोर ठेवली. निळ्या शाईत रविवारच्या तारखा आणि पुढे वेळा. १.५५. २.४०. ३.०५. दोनच्या पुढे गेलेल्या प्रत्येक वेळेखाली पट्टी लावून लाल रेघ. शेजारी गाडीच्या मीटरचा आकडा. ज्या माणसाने नोकरीभर मिनिटामिनिटाचा हिशेब लिहिला, त्याची काळजीसुद्धा त्याच अक्षरात उतरली होती. मी ती डायरी बराच वेळ हातात धरून होते.

"मी धुवायला टाकायच्या आधी त्याचा शर्ट हुंगते," काकू म्हणाल्या. "धुराचा वास येतो. त्याचा नाही येत." दारू हा शब्द त्यांनी त्या दिवशी एकदाही उच्चारला नाही.

"मग भीती कशाची वाटते?"

"फोनवर म्हणतो ना, आज बसू या म्हणून."

आपल्याकडे 'बसणं' म्हणजे काय ते सांगायला नको. पण ही पोरं गाण्याच्या बैठकीलाही बसणंच म्हणत होती. एका शब्दावरून त्या माउलीने वर्षभर झोप घालवली होती, आणि मुलाला सरळ विचारायची हिंमत झाली नव्हती. खरं उत्तर आलं तर पुढे काय करायचं, हे माहीत नसलं की आपण प्रश्नच विचारत नाही. घराघरांत हे असंच चालतं.

"तुम्ही त्याला जरा समजावून सांगा," असं नाना म्हणाले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मोठ्या मुलाला मी आईवडिलांच्या वतीने बोल लावत नाही. तो स्वतःहून यायला हवा. तो जे बोलेल ते माझ्याजवळ राहील, जिवाला धोका असेल तेवढंच बाहेर येईल. नानांना ते फारसं आवडलं नाही. पण दोन आठवड्यांनी बापू आला, हेल्मेट हातात घेऊन, खुर्चीच्या टोकावर बसला.

पहिली दहा मिनिटं हो-नाहीच्या पुढे गेला नाही. मग मी शेतात कोण काय वाजवतं ते विचारलं, आणि तो खुलला. पाच मित्र. एकाची यावलकडे केळीची बाग, तिथे पंपाशेजारी एक खोली. एक ढोलकी, एक जुनी पेटी. हिवाळ्यात कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, भरीत आणि कळण्याची भाकरी, मग गाणं. जुनी हिंदी, अहिराणी, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका झोक्यावर म्हणतात ती सुद्धा, जी त्याला आजीमुळे पाठ होती. पेटी तो वाजवतो. कुठे शिकलेला नाही, कानाने काढतो.

"आठवडाभर मी बोलतच नाही मॅडम. मशीनच्या आवाजात बोलणार काय? घरी आलो की टीव्ही चालू असतो. शनिवारी रात्री माझा आवाज मलाच ऐकू येतो."

हे वाक्य त्याने सहज टाकलं. मी ते लिहून घेतलं.

नंतर मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. पगार कुठे जातो, कोणाकडून उसने घेतले का, सोमवारी कामावर दांडी होते का, एखादा शनिवार चुकला तर काय होतं, कोण किती पितं. पैसे ठीक होते, दांडी नव्हती. शनिवार चुकला तर वाईट वाटतं, पण चिडचिड होत नाही. पिण्याबद्दल त्याने लपवलं नाही. पाचांतले दोघं घेतात. त्यानेही दोनदा बिअर घेऊन गाडी चालवली होती. या बाबतीत मी समजुतीचा सूर लावत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, पण रात्रीच्या रस्त्यावर झोप आणि बिअर एकत्र आली की त्या मर्यादेच्या आतला माणूसही सुरक्षित नसतो. गाडी चालवायची असेल तर एक घोटही नाही. हे ठरल्याशिवाय पुढे बोलायचं नाही असं मी म्हटलं, आणि त्याने ते मानलं.

उठता उठता तो थांबला. "एक सांगायचं राहिलं. घरी माहीत नाही."

दिवाळीनंतरची गोष्ट. अडीच वाजता तो भुसावळकडे येत होता. तापीच्या पुलाच्या अलीकडे डोळा लागला. जागा झाला तेव्हा समोर कापूस भरलेली ट्रॉली होती, मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही. ब्रेक लागला, गाडी घसरली, कोपर सोलवटलं. घरी सांगितलं, कारखान्यात लागलं.

"इतक्या रात्री निघतोसच का? तिथे झोपायला जागा नाही?"

"आहे की. तिघं झोपतातच."

"मग?"

"आमच्या घरचा नियम आहे. रात्री कितीही वाजोत, घरी यायचं. बाहेर मुक्काम नाही."

मी पेन खाली ठेवलं. आईवडिलांना मुलगा सुखरूप हवा होता, आणि त्यासाठी केलेला नियमच त्याला सगळ्यात वाईट वेळी रस्त्यावर आणत होता. नानांच्या डायरीतल्या प्रत्येक लाल रेघेला हा नियम कारण होता. दहा वाजता बैठक सोडणं त्याला जमत नव्हतं, राहायची मुभा नव्हती, म्हणून अडीच वाजता केळीचे ट्रक आणि बिनदिव्याच्या ट्रॉल्यांमधून त्याला यावं लागत होतं.

झोपेबद्दल मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते. पहाटे साधारण दोन ते पाच या वेळात शरीराचं घड्याळ आपल्याला झोपेकडे ओढत असतं. सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्रीपर्यंत सतरा तास जागा असतो, आणि इतक्या जागरणानंतर हातपाय दारू घेतल्यासारखेच संथ होऊ लागतात. चहाने थोडी तरतरी येते, झोप भरून निघत नाही. डुलकी लागते ती तीन-चार सेकंदांची, अनेकदा ती लागली होती हेही कळत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे जाते.

ट्रॉलीची गोष्ट घरी सांगायची का, हे मी त्याच्यावर सोडलं. त्याने सांगायचं ठरवलं, पण माझ्यासमोर.

पुढच्या भेटीला तिघं एकत्र बसले. बापूने एका दमात सगळं सांगून टाकलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. नाना काही बोलले नाहीत. मी त्यांना त्यांच्या ड्युटीबद्दल विचारायला लागले. सुरुवातीला त्यांना कळेना, हे आता मध्येच कशाला. मग बोलू लागले. साइन ऑनच्या वेळी, म्हणजे ड्युटीवर हजर होताना, दारू घेतली नाही ना म्हणून श्वासाची तपासणी. असिस्टंटने आणि ड्रायव्हरने एकमेकांना सिग्नल मोठ्याने सांगायचा, डोळ्याला दिसला तरी तोंडाने म्हणायचा. इंजिनात एक यंत्र असतं, साधारण मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, भोंगा वाजतो, तरी दुर्लक्ष केलं तर ब्रेकच लागतो. "तीन ते पाच फार वाईट वेळ," ते म्हणाले. "चांगले चांगले ड्रायव्हर तेव्हा उभं राहून गाडी चालवायचे."

"आणि इगतपुरीला पोचलात की लगेच दुसरी गाडी घेऊन परत?"

"असं कसं? रनिंग रूम असते ना. विश्रांती झाल्याशिवाय..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी बापूकडे बघितलं, मग स्वतःच्या डायरीकडे. थोड्या वेळाने म्हणाले, "पंपावरच्या खोलीत पलंग आहे का रे?"

नानांचा प्रश्न त्या एका बैठकीत सुटला. काकूंचा सुटला नाही, आणि मला त्यांच्याबद्दलच जास्त सांगायचं आहे.

"हे रनिंग रूममध्ये झोपायचे," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी इथे जागीच असायचे." रेल्वे कॉलनीत लग्न होऊन आल्या तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. रात्री-अपरात्री ड्युटीचा निरोप घेऊन कॉल बॉय यायचा, दाराची कडी वाजवायचा, नाना डबा घेऊन निघायचे. तेव्हा मोबाइल नव्हते. माणूस परत आल्याची खूण एकच, कडीचा आवाज. ती ऐकल्याशिवाय झोपायचं नाही, ही सवय तीस-बत्तीस वर्षांची. नाना निवृत्त झाले, पण ती वाट बघणं निवृत्त झालं नाही, ते मुलाकडे वळलं. घरचा नियम मुळात काकूंचा होता.

अशा बाईला "काळजी करू नका" म्हणणं हा तिच्या काळजीचा अपमान आहे, मी ते कधी म्हणत नाही. आम्ही कडीच्या जागी दुसरी खूण शोधली. बापूने पोचल्यावर फोन करायचा, आणि झोपायच्या आधी, कितीही उशीर झाला तरी, "झोपतो" एवढाच एक निरोप. पहिल्या शनिवारी काकू तो निरोप येईपर्यंत ओट्यावर बसून होत्या. दुसऱ्या शनिवारी पलंगावर, पण जाग्या. मार्चमध्ये एकदा तो निरोप विसरला. त्या रात्री सगळं पुन्हा पहिल्या पायरीवर आलं. काकू चिडल्या, बापू चिडला, नानांनी डायरी पुन्हा बाहेर काढली. पुढच्या वेळी तिघंही माझ्याकडे गप्प बसून होते. असं होतंच, त्याला अपयश म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर बापूने झोपायच्या वेळेचा गजर फोनमध्ये लावून ठेवला.

लग्नाचं नानांनी पुन्हा काढलं तेव्हा मी त्यांना एवढंच म्हटलं, "आता दाराशी दोघं जागे आहात. तिसरीला कशाला जागं ठेवता?" मुलगा ज्या कारणाने बाहेर जातो ते कारण लग्नाने जात नाही. जगण्यातला सगळा आनंद शनिवारच्या रात्रीत कोंबलेला असेल, तर उरलेल्या सहा दिवसांकडे बघायला हवं. बापूची पेटी आता घरी आहे, संध्याकाळी अर्धा तास वाजते. शेजाऱ्यांची तक्रार नाही. गच्चीवर स्पीकर लावायचाही विचार झाला होता, रात्री दहानंतर तो लावता येत नाही हे मी सांगितल्यावर तो बेत राहिला.

प्रत्येक घरात हे इतकं साधं नसतं. उसनवारी वाढली, कामावर खाडे पडू लागले, पिणं शनिवारवरून बुधवारवर आलं, जुने मित्र सुटून भलतेच आले, तर थांबू नका, मुलासह या. आणि मुलगा एकटाच रात्री गाडी घेऊन निघत असेल, "काही झालं तरी काय फरक पडतो" असं बोलत असेल, तर ते भटकणं नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. १४४१६ ही सरकारची टेली मानस सेवा आहे, रात्रीही फोन उचलला जातो, मराठीत बोलता येतं.

जूनमध्ये नाना भेटले तेव्हा डायरी खिशात होतीच. शेवटची नोंद रविवार, सकाळी ८.२०. पुढे मीटरचा आकडा, आणि त्यांच्या त्याच अक्षरात 'वांगी आणली'. काकूंना अजून तीन वाजता जाग येते. उठून पाणी पितात, फोनवरचा निरोप एकदा बघतात, परत झोपतात.

पाचांतला एक मित्र मात्र अजून अडीचलाच निघतो. त्याच्या घरीही हाच नियम आहे. बापूने माझा नंबर त्याच्या आईला दिला आहे. अजून फोन आलेला नाही.