टायरच्या कडेवरचे आकडे

प्रश्न : माझ्या मोटारीच्या टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे उठवलेले आहे आणि जवळच ‘कमाल दाब ५१ पीएसआय’ असेही आहे. पंपावर मात्र ३३ च भरतात. बरोबर काय? शिवाय दुकानदार १९५/६५ आर १५ बसवा म्हणतो, चालेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी हवेचे पाहू, कारण गैरसमज तिथेच जास्त होतो. ५१ ही टायरची सहनशक्तीची मर्यादा आहे, भरायचा दाब नव्हे. भरायचा दाब गाडी बनवणारा ठरवतो आणि तो बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टीवर छापलेला असतो. तिथे ३३ असेल तर पंपावरचा मुलगा बरोबर आहे. मात्र हवा टायर थंड असतानाच मोजावी.

आता आकडे. १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी आणि ६५ म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’ हे त्रिज्येचे अक्षर आहे असे पुष्कळांना वाटते, परंतु ते रेडियल बांधणीचे, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे असलेल्या रचनेचे आहे. १५ हा रिमचा इंचातील व्यास. ८८ हा सांकेतिक क्रमांक असून त्याचा अर्थ एका टायरला ५६० किलो भार पेलतो, तर ‘एच’ ताशी २१० किलोमीटर वेगाची मर्यादा सांगतो.

१९५ च्या टायरमुळे चाकाचा व्यास सुमारे १३ मिलिमीटरने वाढतो आणि वेगदर्शक १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०२ च्या आसपास धावते. फरक लहान आहे, पण गाडीच्या पुस्तिकेत हे माप दिलेले नसेल तर दुकानदाराचे ऐकू नये, असे माझे मत आहे.

त्याने न सांगितलेली एक गोष्ट मात्र आपण स्वतः पाहावी. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. तिथे ३४२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या ३४ व्या आठवड्यात बनलेला आहे. हे अंक अनेकदा एकाच बाजूला असतात आणि टायर चढवल्यावर ती बाजू आत गेली, तर गाडीखाली वाकून टॉर्चने शोधावे लागतात. म्हणून नवा टायर रिमवर चढवण्यापूर्वी दुकानातच त्याच्या दोन्ही बाजू फिरवून पाहाव्यात.