समुद्रकाठी गोल्फची सहल: दा नांगला कधी जावं, कुठे खेळावं?

पुण्याहून चौघे मित्र, पाच दिवस, समुद्रकाठचं गोल्फ असं तुम्ही विचारलंय, तर माझं मत व्हिएतनाममधल्या दा नांगला. जा मात्र फेब्रुवारी ते मे दरम्यान. दिवाळीच्या सुट्टीचा मोह टाळा, कारण आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा ऐन भरात असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे पूरही येतात.

मुक्काम दा नांगजवळच्या होई आनला करा. जुनं गाव सुंदर आहे, संध्याकाळी कंटाळा येत नाही. तिथून होइआना शोअर्स हा गोल्फ कोर्स जवळ आहे. रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांनी वाळूच्या टेकड्यांवर आखलेला हा कोर्स एकच खेळायचा असेल तरी चुकवू नका. वारा सुटला की चेंडू कुठे जाईल याचा नेम नाही, म्हणून पहाटेचा टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घ्या. गोल्फपटू निक फाल्डोंनी आखलेला लागुना लांग को हा कोर्स दा नांगच्या उत्तरेला हाय व्हान बोगद्यापलीकडे आहे, भातशेतीतून जातो! त्यासाठी पूर्ण दिवस ठेवा.

कॅडी (खेळताना सोबत असणारी मदतनीस) बहुतेक ठिकाणी सक्तीची असते, तिच्या टिपसाठी रोख डाँग (तिथलं चलन) जवळ ठेवा. ई-व्हिसा आधीच काढा. स्वतःचे क्लब (गोल्फच्या काठ्या) न्यायचे असतील तर विमानाच्या सामानाचे नियम तिकिटाआधी वाचा, नाहीतर तिथेच भाड्याने घ्या.