अडीच वर्षं फक्त सपोर्ट प्रोजेक्टवर आहे. डेव्हलपर म्हणून दुसरीकडे नोकरी मिळेल का, की रेझ्युमेत डेव्हलपमेंटचा अनुभव दाखवावा?

मिळेल. आणि न केलेला अनुभव रेझ्युमेत अजिबात दाखवू नका, अगदी चार महिन्यांचासुद्धा.

तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्ट जावा ८ वर आहे, काम शिफ्टमध्ये असतं. टिकिट (म्हणजे वापरणाऱ्याची तक्रार) आलं की लॉग बघायचा, डेटा दुरुस्त करायचा, नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट करायचा. दर सोमवारी सकाळी ॲप हँग होतं, त्याचं आता कुणाला काही वाटतही नाही. दोन ठिकाणी इंटरव्ह्यू दिलेत आणि ‘तुम्ही स्वतः काय बनवलंत?’ या प्रश्नावर दोन्हीकडे गाडी अडली. रूममेट म्हणतोय, सगळेच दोन वर्षांचं डेव्हलपमेंट दाखवतात, तूही दाखव.

मी २०११ साली पुण्यात नोकरीला लागलो आणि पहिली तीन वर्षं सपोर्टच केला. ट्रेनिंगमध्ये शेजारी बसलेली मुलं नवीन मॉड्यूल लिहीत होती आणि मी रात्री दोन वाजता फेल झालेला बॅच जॉब पुन्हा चालवत होतो. घरी फोन केला की आई विचारायची, ‘तुझं प्रमोशन कधी?’ तेव्हाची घालमेल मला नीट आठवते. म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय.

माझी पुढची नोकरी ज्या एका बगमुळे मिळाली तो सांगतो, कारण तसाच एखादा तुमच्याकडेही पडलेला असणार.

आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी होतं, डेटाबेस पोस्टग्रेस, खातेदारांची नावं मराठीत. अधूनमधून एक टिकिट यायचं: ‘खातेदाराचं नाव यादीत दिसतं, पण सर्च केलं की सापडत नाही.’ ठरलेला उपाय होता. शाखेतल्या क्लार्कला सांगायचं, नाव खोडून पुन्हा टाइप करा. तसं केलं की नाव सापडायचं. ‘डेटा करेक्शन’ असा शेरा मारून टिकिट बंद. एसएलएच्या, म्हणजे तक्रार सोडवायच्या ठरलेल्या मुदतीच्या आत, सगळे खूश. मीसुद्धा अशी तीन-चार टिकिटं बंद केली होती.

एका निवांत रात्रपाळीत मी वर्षभराची बंद झालेली टिकिटं एक्सेलमध्ये काढली. या प्रकारची अकरा निघाली. नावं एकाखाली एक ठेवली: गोऱ्हे, वऱ्हाडे, कऱ्हाडकर, बऱ्हाटे, पुन्हा गोऱ्हे. प्रत्येक नावात ऱ्ह! मराठी वाचणाऱ्या माणसाला हे एका नजरेत दिसतं, पण टिकिटं वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या माणसांकडे आली की कुणालाच दिसत नाही.

मग टेस्ट सर्व्हरवर एक न सापडणारं ‘गोऱ्हे’ घेतलं आणि दुसरं मी स्वतः टाइप केलं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखी. लांबी मोजली तर माझं सहा कॅरेक्टरचं, डेटाबेसमधलं सात. बाइट मोजले तर १८ आणि २१. त्या क्षणी जो आनंद झाला तो अजून विसरलेलो नाही.

झालं होतं असं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, हा ऱ् दोन पद्धतीने लिहिता येतो. एक म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, ज्याचा क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्त. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर हा ‘ऱ’ शिफ्ट धरून र दाबला की येतो. दुसरी पद्धत म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं कॅरेक्टर. दोन्ही पद्धती वैध आहेत आणि दिसतातही सारख्याच. पण पोस्टग्रेस साधी तुलना करताना बाइटला बाइट जुळतोय का तेवढंच पाहतो. आमचा जुना डेटा फॉन्ट कन्व्हर्टरमधून आलेला, त्यात सगळीकडे दुसरी पद्धत. क्लार्क सर्चमध्ये टाइप करायच्या पहिल्या पद्धतीने. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं तेच अक्षर एकसारखं करणं) लावूनही या दोन पद्धती एक होत नाहीत, तेही करून पाहिलं.

मला वाटलं, ते न दिसणारं कॅरेक्टर म्हणजे कचरा, काढून टाकावं. टेस्ट सर्व्हरवर काढलं आणि ‘गोऱ्हे’चं ‘गोर्हे’ झालं, ह वर रफार. मराठीत हा फरक किती मोठा आहे ते तुम्हाला सांगायला नको. आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, आणि आचार्यांना म्हणजे गुरुजींना. मग योग्य तो बदल केला. र, हलन्त आणि जॉइनर हे तिघं याच क्रमाने लागून आले तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घालायचे, नाव सेव्ह होतानाही आणि सर्च करतानाही. जुन्या नोंदींसाठी एक स्क्रिप्ट लिहिली आणि ती चालवण्याआधी मूळ नावं वेगळ्या टेबलात ठेवली. कोड जेमतेम सात-आठ ओळींचा. लीडला दाखवला, त्यांनी डेव्ह टीमकडे नेला, पुढच्या रिलीजमध्ये गेला. त्यानंतर ते टिकिट आलं नाही.

वर्षभराने इंटरव्ह्यूत मला तुमच्यासारखाच प्रश्न आला. मी म्हणालो, नवीन मॉड्यूल लिहिलेलं नाही, पण एक गोष्ट शोधून दुरुस्त केली आहे, ती सांगू का? समोरच्यांनी त्यावर अर्धा तास घेतला. जॉइनर नुसता काढून का चाललं नसतं? नाव दुसऱ्या एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून, आलं तर? स्क्रिप्ट अर्ध्यात बंद पडली असती तर? उत्तरं पाठ करून गेलो नव्हतो, तरी ती येत गेली, कारण त्या प्रत्येक ठिकाणी मी अडकलो होतो.

रूममेटच्या सल्ल्याचं उत्तर यातच आहे. गेली सहा-सात वर्षं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून इंटरव्ह्यू घेतोय. कुणी म्हणतं, ‘मी पेमेंटची मायक्रोसर्व्हिस (तेवढंच काम करणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिली.’ मी विचारतो, एकच रिक्वेस्ट दोनदा आली तर काय व्हायचं? ज्याने लिहिली असते त्याला तो त्रास झालेला असतो, तो लगेच बोलायला लागतो. ज्याने लिहिलेली नसते तो थांबतो. त्या थांबण्यातच सगळं कळतं आणि मग त्याने खरोखर केलेलं कामही ऐकावंसं वाटत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. शिवाय बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन असतंच. ऑफर हातात आल्यावर, जुनी नोकरी सोडल्यावर खोटं उघडकीला आलं तर तुम्ही दोन्हीकडून गेलात.

रेझ्युमेत ‘सपोर्ट इंजिनिअर’ असंच लिहा. फक्त ‘एसएलएच्या आत ४०० टिकिटं सोडवली’ ही ओळ काढून टाका, तिच्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याजागी तीन बग लिहा: लक्षण काय होतं, कारण काय निघालं, काय बदललं. क्लायंटचं नाव, खरा डेटा, कंपनीचा कोड यातलं काहीही बाहेर न्यायचं नाही, हे सांगायला नको.

जावा ८ बद्दल तुम्ही फार घाबरलेले दिसताय. ते मार्च २०१४ मध्ये आलं, म्हणजे जुनं आहे हे खरं. पण जुन्यातून नव्यात आणणं हेच कितीतरी कंपन्यांपुढचं आजचं काम आहे. स्प्रिंग बूट या जावातल्या फ्रेमवर्कची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि तिला किमान जावा १७ लागतं. घरच्या लॅपटॉपवर जावा ८ आणि स्प्रिंग बूट २ वर एक छोटं ॲप बनवा, डेटाबेसला जोडा, एखादी एक्सएमएल फाइल वाचायला लावा, आणि मग तेच ॲप जावा १७ आणि स्प्रिंग बूट ३ वर न्या. एक्सएमएल वाचणारी जाक्सबी ही लायब्ररी जावा ११ पासून जेडीकेमध्येच (जावाच्या मूळ संचात) नाही, तिथे पहिली ठेच लागेल. मग ‘जावाएक्स’ने सुरू होणारी पर्सिस्टन्सची (डेटाबेसशी बोलणारी) पॅकेजेस ‘जकार्ता’ झाल्यामुळे अर्धा कोड लाल होईल. प्रत्येक एरर आणि तिचं कारण वहीत लिहून ठेवा. दोन-तीन शनिवार-रविवार जातील, पण चाळीस हजारांचा जो क्लास तुम्ही विचारताय त्यापेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं. क्लासमध्ये सगळं पहिल्या झटक्यात चालणारं दाखवतात.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे म्हणताय. बऱ्याच ऑफर तिथेच अडकतात. अपॉइंटमेंट लेटरमध्ये बायआउटचं, म्हणजे पैसे भरून नोटीस पिरियड कमी करायचं, कलम आहे का ते आत्ताच वाचून ठेवा. हातात ऑफर नसताना राजीनामा टाकू नका. घरी पैसे पाठवता असं लिहिलंय, तेव्हा तर नाहीच.

आणि लीडशी बोला. कोडची रिपॉझिटरी निदान वाचायला तरी मिळू दे, एखादा छोटा फिक्स स्वतः करू दे, असं स्पष्ट मागा. ‘नंतर बघू’ असं दोनदा ऐकलंत तर मात्र तिथे आणखी वर्ष काढू नका. कोड बघायलाच मिळत नसेल तर कारण शोधायला काही उरत नाही.

आता तो सोमवारचा हँग. तुमच्या प्रश्नात तो एका ओळीत येऊन गेलाय, पण मला वाटतं तुमची पहिली गोष्ट तीच आहे. येत्या सोमवारी रीस्टार्ट करण्याआधी शिफ्ट लीडची परवानगी घ्या आणि जेडीकेतल्या जेस्टॅक या टूलने थ्रेड डंप घ्या, म्हणजे त्या क्षणी ॲपमधला प्रत्येक थ्रेड (एकेक चालू काम) कुठल्या ओळीवर आहे त्याची नोंद. एकच नको, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन घ्या. हे सगळं मिनिटभरात होतं, तेवढा वेळ मिळतो. मग शांतपणे वाचा. बहुतेक थ्रेड डेटाबेस कनेक्शन मागण्याच्या ओळीवर थांबलेले दिसले तर कनेक्शन पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, संपतोय. पूलसाठी हिकारी ही लायब्ररी वापरत असाल आणि कुणी सेटिंग बदललेलं नसेल तर पूल फक्त १० कनेक्शनचा असतो आणि कनेक्शनसाठी ३० सेकंद वाट पाहून एरर येते. ती लॉगमध्ये आहे का बघा. नुसता पूल वाढवून गप्प बसू नका. सोमवारीच का, ते शोधा: आठवड्याचा एखादा रिपोर्ट त्या वेळी चालतो का, कुणी कनेक्शन घेऊन बंद करायचं विसरलंय का. हिकारीत परत न दिलेलं कनेक्शन पकडणारं लीक डिटेक्शनचं सेटिंग आहे, ते टेस्ट सर्व्हरवर चालू केलंत तर कनेक्शन कुठल्या ओळीवर घेतलं गेलं तेही लॉगमध्ये येतं.

थ्रेड वेगळ्याच ठिकाणी अडकलेले दिसले तर क्लायंटचे तपशील काढून त्या ओळी खाली कमेंटमध्ये टाका, मी बघतो.