देवानं दगा दिला असं वाटत असताना प्रार्थना करणं पाप आहे का?

तुम्ही लिहिलंय की देवावर भरवसा उरलेला नाही, हात जोडले की आधी संतापच येतो, आणि अशा मनानं प्रार्थना करणं पाप तर नाही ना. नाही. तो संताप घेऊनच देवापुढे बसा.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. आमच्याकडे शेतीला लाइन, म्हणजे वीज, रात्रीची, म्हणून माझा धाकटा भाऊ रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेला. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्याला पान लागलं. (साप चावला असं आम्ही उघड म्हणत नाही.) दवाखाना गाठायच्या आधीच गेला. त्याच वर्षी आषाढीला मी पायी पंढरपूरला जाऊन आलो होतो. घर सांभाळ, एवढंच मागितलं होतं.

नंतर वर्षभर रोज दिवा लावला, हरिपाठ म्हटला, पण मूर्तीकडे पाहिलं नाही. लोक म्हणायचे, देव परीक्षा पाहतो. मला ते आजही पटत नाही. परीक्षेसाठी कोणी कोणाचा भाऊ नेत नसतो.

पुढच्या रब्बीत त्याच धुऱ्यावर गमबूट घालून, बॅटरी घेऊन बारे देत होतो. ती जागा आली आणि तोंडातून निघालं, "इठ्ठला, माहे पाय फुटेस्तोवर तुह्याकडे चाललो, अन् तू माह्या भावाले अंधारात एकटं सोडलं. काहून? आता तुह्यावर माहा भरवसा नाही." शिव्याही दिल्या. पाणी दांड फोडून शेजारच्या वावरात शिरलं तरी मला भान नव्हतं.

सकाळी मायला सांगितलं. वाटलं, कानाला हात लावेल. ती चूल फुंकत म्हणाली, "त्यालेच बोल. त्याच्यापाशी नाही बोलशील तं कोनापाशी बोलशील?"

चोखोबा आमच्या विदर्भातलेच, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणा राजाचे. त्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही. त्यांच्या मुलानं, कर्ममेळ्यानं, अभंगात थेट देवालाच विचारलं की आमचा जन्म उष्टं खाण्यात गेला, तुला लाज कशी वाटत नाही? शेवटी सारवासारव नाही, देवाची समजूत घालणं नाही. आणि वारकऱ्यांनी तो अभंग टाकून दिला नाही, संतवाणीत जपून ठेवला. जनाबाईंनीही विठ्ठलाला तोंडावर शिव्या दिल्यात. तुमचा राग त्या घरात नवा नाही.

म्हणून पुस्तकी भाषा सोडा, घरात बोलता तसं बोला. काय झालं ते नाव घेऊन सांगा. "तुझी इच्छा" हे शब्द मनात नसतील तर म्हणू नका. "तुझ्यावर विश्वास नाही" हेही त्यालाच सांगा. मी वर्षभर गोड बोलत राहिलो, तेच त्याच्यापासून सगळ्यात लांब गेलेलं वर्ष होतं. आणि एक, जगणंच नको वाटत असेल तर एकट्या देवापाशी थांबू नका, घरच्यांशी बोला, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. पैसे लागत नाहीत.

यंदाच्या आषाढीलाही मी गेलो नाही. टाळ खुंटीलाच आहेत. रात्री पाण्याला गेलो की धुऱ्यावर थांबतो, भावाचं नाव घेतो आणि विचारतो, काहून? उत्तर आलेलं नाही. सकाळी दिवा लावताना मात्र आता विठ्ठलाच्या तोंडाकडे पाहतो.