एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडी स्वच्छ दिसते, तरी ती टोटल लॉस झालेली असू शकते का? कसं ओळखायचं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: २०१९ची स्विफ्ट, एमएच-०८ पासिंग, आरसीवर नोव्हेंबर २०२१ पासून दुसरा मालक, आणि भाव बाजारापेक्षा लाखभर कमी. एमपरिवहनवर ब्लॅकलिस्ट नाही, कर्ज नाही, विमा चालू आहे. मग आणखी काय बघायचं, असं तुम्ही विचारलंय. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या, बुडालेल्या गाड्या पाहून नुकसानीचा आकडा काढणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हो, असू शकते. एमपरिवहनवर गाडी कुणाची आहे ते कळतं. तिच्यावर काय बेतलं ते कळत नाही. नोंदणीची तारीख, कितवा मालक, कर्ज, फिटनेस, पीयूसी, विम्याची मुदत, एवढंच तिथे दिसतं. ब्रिटनमध्ये विमा कंपनीने मोडीत काढलेल्या गाडीला ए, बी, एस किंवा एन अशी श्रेणी लागते. एस म्हणजे सांगाड्याला मार बसलेला, एन म्हणजे न बसलेला. घेणारा माणूस थोडे पैसे भरून हे तपासू शकतो. आपल्याकडे ग्राहकाला असं एका जागी काहीच बघायला मिळत नाही, आणि याची मला खरंच चीड आहे.

टोटल लॉस हा मुळात पैशाचा हिशोब आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही ५ लाख असेल तर ही रेषा ३ लाख ७५ हजारांवर येते. पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल तर इंजिन, वायरिंग, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), सीट आणि एअरबॅग धरून कंपनीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट ही रेषा सहज ओलांडतं, बाहेरून पत्र्यावर ओरखडाही नसला तरी. मग मालकाला पैसे मिळतात आणि गाडी सॅल्व्हेज, म्हणजे नुकसान झालेल्या अवस्थेतला माल, म्हणून विकली जाते.

खरी मेख इथे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत, किंवा होईल तितक्या लवकर, आरटीओला कळवायचं असतं. मग नोंदणी रद्द होते. पण दुरुस्त होण्याजोगी गाडी ‘कायमची निकामी’ ठरत नाही. ती आरसीसकट विकली जाते, बाहेरच्या गॅरेजमध्ये निम्म्या खर्चात उभी राहते आणि स्वच्छ कागदांनिशी बाजारात येते. यात बेकायदा काही नाही. लपवून विकणं मात्र फसवणूक आहे. याहून वाईट प्रकार म्हणजे भंगार गाडी फक्त कागदांसाठी घ्यायची आणि तिचा चॅसी नंबर त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर चढवायचा.

आता तुमची गाडी. एमएच-०८ म्हणजे रत्नागिरी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि त्याच नोव्हेंबरात ही गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली. एवढ्यावरून गाडी बुडालेली होती असं मी म्हणणार नाही. चांगल्या गाड्याही दिवाळीच्या सुमारास विकल्या जातात. पण तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.

सगळ्यात जास्त बोलतात त्या जुन्या पॉलिसी. २०१९ पासूनच्या सगळ्या मागा. क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे नव्या मालकाकडे तो शून्यापासून सुरू होणं साहजिक आहे. मात्र एकाच मालकाच्या नावावर मध्येच शून्य झाला असेल तर आदल्या वर्षी क्लेम झालाय असं धरून चाला आणि कशाचा ते विचारा. जुलै ते नोव्हेंबर २०२१ या काळात पॉलिसीच सापडत नसेल तर माझ्या मते उत्तर जवळपास मिळालं.

विकणाऱ्याला सोबत घेऊन कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जा आणि सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा. नियमित नोंदी, मग एकदम खंड, असं दिसलं तर खंडाच्या आधीची शेवटची नोंद नीट वाचा. मालकीची माहिती परिवहन पोर्टलवर ‘आरसी पर्टिक्युलर्स’साठी अर्ज करून घेता येते.

मग गाडीकडे वळा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्टचा आत गुंडाळलेला भाग सहसा कुणी धूत नाही. तिथे गाळाची पिवळट रेघ राहते. सीटच्या खालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का ते टॉर्चने बघा. मग चावी ऑन करा. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर दिव्याशी छेडछाड झालेली असू शकते. एअरबॅग नसताना तिच्या जागी वायरिंगमध्ये रेझिस्टर हा छोटा पार्ट टाकून इशारा दाबतात. म्हणून गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर लावून घ्याच, त्यावर पैसे वाचवू नका. त्या सीटवर तुमच्या घरची माणसं बसणार आहेत.

चॅसी नंबर मोबाइलवर फोटो काढून भागत नाही. कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, आरटीओला देतात तशी. अक्षरं एका ओळीत, सारख्या खोलीची हवीत, आजूबाजूला घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण नको. १७ अक्षरी नंबर मारुतीचा असेल तर सुरुवात एमए३ ने, किंवा गाडी सुझुकीच्या गुजरात कारखान्यातली असेल तर एमबीएच ने होते, आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात.

सगळं पटलं तरी व्यवहाराच्या कागदावर एक वाक्य लिहून घ्या: ‘ही गाडी माझ्या माहितीप्रमाणे पुरात बुडालेली नाही व तिचा टोटल लॉस क्लेम झालेला नाही.’ विकणारा सही करायला का-कू करू लागला तर तिथूनच उठा. त्याने सरळ ‘झालाय’ म्हणून सांगितलं आणि दुरुस्तीची बिलं दाखवली, तर मी तरी त्याच्याशी बोलणी पुढे चालू ठेवेन, पण भाव त्या बिलांवर ठरवेन, आणि लाखभर सूट मला पुरेशी वाटणार नाही.