माप ओलांडताना

स्टुटगार्ट, १९ ऑगस्ट

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी आजीबरोबर लोकलने कर्जतला जाऊन तू जवळच्या खेड्यातले शेतीचे छोटे संग्रहालय पाहिलेस आणि तेथील नांगर, भात भरडायचे घिरट व इरले यांची चित्रे पाठवलीस, ती मिळाली. इरले तू कासवाच्या पाठीसारखे काढले आहेस. भर पावसात ते पांघरून लावणीला वाकलेली बाई खरोखर तशीच दिसते. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, पुस्तकाला किंवा धान्याला पाय लागला तर आपण लगेच नमस्कार करतो, मग संग्रहालयाच्या कपाटातले शेराचे माप दाखवून आजी असे का म्हणाली की, 'तुझी आई असेच माप पायाने लवंडून आपल्या घरात आली.' प्रश्न बिनतोड आहे. इतक्या वर्षांत तो मला सुचला नाही, याची थोडी लाजही वाटली.

आधी ते माप समजून घे. पूर्वी आपल्याकडे खेड्यांत धान्य सहसा तोलत नसत, मापत असत. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर अशी दुपटीने चढत जाणारी ही भांडी. चार शेरांची एक पायली आणि पुढे वीस मणांची खंडी. खळ्यावर, म्हणजे मळणीच्या जागी, रास मोजताना मापणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे. तो 'लाभ' म्हणे आणि मग दोन, तीन असे मोजत जाई. माप भरल्यावर त्याच्या काठावर जो निमुळता ढीग उभा राहतो, त्याला शीग म्हणतात. सामना पाहताना बाबा 'उत्साह शिगेला पोहोचला' म्हणतात, ती हीच शीग. मुंबईच्या पोटातही हे खळे दडलेले आहे, कारण भायखळा म्हणजे भायाचे खळे, अशी त्या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. पुढच्या वेळी गाडी तेथे थांबली की आजीला हे ऐकव.

मात्र शीग ठेवायची की हाताने पुसून सपाट माप घ्यायचे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. घेणाऱ्याने शीग लावून घेतले आणि देताना सपाट दिले, तर वर्षभर चिखलात राबलेल्या माणसाच्या घरात किती उरेल, याचा हिशेब तू करू शकशील. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगाच आलेला नाही. कोकणात जमीन कसणारे कूळ वेगळे आणि वसूल घेणारा खोत वेगळा असे. तू गेलीस तो कर्जत तालुका पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातला. त्याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ मध्ये कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या आणि काही वर्षे हाल सोसले, पण हट्ट सोडला नाही. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कपाटातले ते माप निरागस दिसते. पण कोणाच्या हाती ते होते, यावर पुष्कळ काही अवलंबून असे.

आता माझ्या लग्नाकडे येते. तुझे आजोबा लालबागच्या गिरणीत कामाला होते आणि अनेक कोकणी कामगारांप्रमाणे लावणीच्या दिवसांत रजा काढून लांज्याकडे गावी जात. त्या शेतातल्या तांदळाचे पोते पुढे एस.टी.च्या टपावरून मुंबईत येई. परळच्या ज्या उंबरठ्याबाहेर तू हल्ली चपला काढतेस, त्याच्याच आतल्या बाजूला शेर ठेवला होता आणि त्यात तोच तांदूळ काठोकाठ भरलेला होता. उजव्या पायाच्या अंगठ्याने तो हळूच आत लवंडायचा, म्हणजे धान्य घराच्या दिशेने पसरते आणि नव्या सुनेच्या पावलाने लक्ष्मी आत येते, असे मानतात. लवंडणे आणि लाथाडणे यांत आपली भाषा फरक करते. रागाने मारलेला पाय वेगळा आणि जपून टाकलेले पाऊल वेगळे. माझे स्वतःचे मत थोडे निराळे आहे. एरवी ज्या घरात मूठ-मूठ मोजून भात शिजवला जातो, ते घर त्या एका दिवशी येणारीला दाखवते की, आमच्याकडे सांडण्याइतके आहे, तू पोटाची काळजी करू नकोस. सांडलेले वाया मात्र कोणी जाऊ देत नाही. पलंगाखाली गेलेला दाणा न् दाणा आजीने सुपात गोळा केला, पाखडून निवडला आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच भात झाला.

तो शेर अजून माळ्यावर, पितळी समईच्या मागे असेल. आजीला सांगून खाली काढ आणि तांदळाने शीग लावून भरून पाहा.

आणि तुझ्या प्रश्नातला शेवटचा भाग, म्हणजे नंतर मी त्याला नमस्कार केला का? केला नाही. तुझी आत्या दार अडवून नाव घ्यायला सांगत होती, चाळीची सगळी गॅलरी पाहत होती आणि पाठ केलेला उखाणा मला ऐनवेळी आठवत नव्हता.

तुझी
आई